पुण्यातला लॅपटॉप बोलिव्हियात का राहतो?

प्रति,
मा. वायरलेस सल्लागार, भारत सरकार,
बिनतारी नियोजन व समन्वय विभाग, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली

विषय : वायफाय कार्डांमधलं देशाचं कुलूप आणि ते उघडणारे ड्रायव्हर

महोदय,



पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर एखादा तरी असा लॅपटॉप सापडतोच, जो स्वतःला बोलिव्हियात समजतो. मालक नुकताच सिंहगडावर पिठलं-भाकरी हाणून आलेला असतो, पण त्याच्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशाचे कायदे पाळत बसलेलं असतं. हा चमत्कार करायला फार अक्कल लागत नाही. लिनक्समध्ये देश बदलण्याची एका ओळीची आज्ञा आहे. तिच्या शेवटी भारताच्या ‘आयएन’ऐवजी ‘बीओ’ लिहायचं, झालं काम.

बोलिव्हियाच का? तर लिनक्सकडे देशवार नियमांची एक यादी असते. तीत बोलिव्हियापुढे ३० डीबीएम, म्हणजे एक वॉट, असा आकडा होता आणि भारतापुढे २० डीबीएम, म्हणजे वॉटचा दहावा हिस्सा. वायफायचा जोर वाढवण्याची ही युक्ती हॅकिंगचे धडे देणाऱ्यांनी जगभर पसरवली. पुढे यादीतला बोलिव्हियाचा आकडा खाली आला, तशी मंडळी बिऱ्हाड उचलून गयाना आणि बेलीझला गेली. त्या देशांच्या राजधान्या विचारल्या तर भल्याभल्यांची दांडी उडेल, दोन अक्षरी संकेत मात्र तोंडपाठ.

मी पुण्यात छोट्या कचेऱ्या, अभ्यासिका, क्लास आणि सोसायट्या यांची नेटवर्कं बसवून देतो. त्यामुळे असले प्रवासी लॅपटॉप माझ्या नेहमीच्या पाहण्यातले. त्या पोरांची चुगली करायला हे पत्र लिहीत नाही, आणि त्यांची वकिली करायलाही नाही. आपल्याकडे एकच मागणं आहे. भारताच्या हवेत काय चालतं आणि काय चालत नाही, हे यंत्राला सांगणारी ओळ आपल्या खात्याने स्वतः लिहावी, स्वतः सांभाळावी आणि नियम बदलला की त्याच दिवशी बदलावी. हे मागणं किरकोळ का नाही, ते सांगतो. यातलं बरंचसं आपल्याला ठाऊकच आहे, पण पत्र खुलं आहे आणि वाचणारे सगळेच आपल्या खात्यातले नाहीत.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायची चॅनेलं पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. पहिलं २४१२ वर, अकरावं २४६२ वर, तेरावं २४७२ वर. अमेरिकेसाठी बनलेली उपकरणं सहसा अकराशी थांबतात. युरोपात आणि आपल्याकडे तेरापर्यंत जाता येतं. जपानने चौदावंही दिलं, पण फक्त जुन्या ८०२.११बी पद्धतीसाठी. पाच गिगाहर्ट्झमध्ये तर प्रत्येक देशाचा नकाशा निराळा. कुठे घरात परवानगी, बाहेर बंदी. कुठे रडार आहे म्हणून आधी कानोसा घ्यायचा, मग बोलायचं.

कारखाना मात्र देशागणिक वेगळं कार्ड बनवत नाही. कार्ड तेच, त्याच्या अंगावरच्या छोट्या मेमरीत देशाचा संकेत भरलेला असतो. यंत्र सुरू झालं की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तो संकेत वाचतो. मग वापरणाऱ्याने सांगितलेल्या देशाचे नियम यादीतून काढतो आणि दोन्हींत जे जुळेल तेवढंच चालू ठेवतो. अथेरॉस या कंपनीच्या कार्डांत हे अगदी स्वच्छ दिसतं. कार्डात अमेरिका भरलेली आणि आपण सांगितला भारत, तर बारा-तेरा मिळत नाहीत, कारण अमेरिकेच्या यादीत ती नाहीत. अमेरिकेत आहे पण भारतात नाही, तेही मिळत नाही. म्हणजे दोन देशांचे कायदे एकाच वेळी पाळायचे, आणि त्यातला एक देश सात समुद्रांपलीकडचा.

ड्रायव्हर बदलणारे नेमका इथेच हात घालतात. कार्डातला संकेत वाचून झाला की तो बाजूला ठेवायचा आणि वापरणारा म्हणेल तो देश खरा मानायचा. बदल म्हणाल तर काही ओळींचा. राउटरसाठीची ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बांधताना अथेरॉससाठी हा पर्याय निवडण्याची सोयच आहे. जे करतात ते सगळे लबाड असते तर प्रश्न सोपा होता. तसं नाही, म्हणून तर हे पत्र.

जानेवारी २००५ मध्ये आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. अटी साध्या होत्या : प्रक्षेपकाची ताकद जास्तीत जास्त एक वॉट, अँटेनाचा हिशेब धरून चार वॉट, आणि अँटेना छतापासून पाच मीटरच्या आत. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढण्याच्या आठवणी आमच्या वडिलांची पिढी अजून सांगते. त्या देशात चार वॉटचं प्रक्षेपण विनापरवाना करता येणं ही लहान गोष्ट नव्हती. धरमशाळेत डोंगरावरच्या वस्त्यांना जोडणारं वायफायचं जाळं लगेच पुढच्या महिन्यात उभं राहिलं, ते या मोकळिकीमुळेच.

आणि लिनक्सच्या यादीत? तिथे भारतापुढे बराच काळ २० डीबीएम होतं. शंभर मिलिवॉट. राजपत्राने दिलेल्या चार वॉटचा चाळिसावा हिस्सा. म्हणजे बोलिव्हियाला पळालेला तो पोरगा एक वॉट मागत होता, आणि तेवढं भारताच्या कायद्याने त्याला आधीच देऊन ठेवलेलं होतं. तो ज्याच्यापासून पळाला तो भारताचा कायदा नव्हताच, कुणीतरी जपून, थोडं हात राखून लिहिलेली एक ओळ होती.

ही यादी लिहितं कोण? लिनक्सच्या वायरलेस भागावर काम करणारे विकासक. साधी मजकुराची फाइल आहे, आपण कधी तरी जरूर उघडून पाहा. देशाचा संकेत, त्याखाली कंसात फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत, चॅनेल किती रुंद, पुढे ताकद, त्यापुढे रडारची अट असेल तर ती. भारत म्हणजे अशा मोजक्या ओळी. बदल सुचवायचा असेल तर कुणालाही सुचवता येतो, फक्त सोबत सरकारी कागदाचा हवाला द्यावा लागतो. यादी तयार झाली की तिच्यावर डिजिटल सही होते आणि ती जगभरच्या लिनक्स यंत्रांमध्ये जाऊन बसते. म्हणजे आपल्या राजपत्राचा हिंदी-इंग्रजी पीडीएफ वाचून, त्यातल्या अटींचा अर्थ लावून तो कंसात भरायचा, हे काम कुठल्या तरी देशातला एखादा भला माणूस रात्री जेवण झाल्यावर करतो. त्याला नियमातलं ‘एकाच सलग आवारात’ म्हणजे नेमकं काय, हे कसं कळावं? संभ्रम पडला की तो कमी आकडा लिहितो. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

पाच गिगाहर्ट्झची कथा आणखी बोलकी आहे. २००५ च्या नियमांनी ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ हे तुकडे घरात किंवा एका संस्थेच्या आवारात वापरायला दिले, ताकद २०० मिलिवॉट. ऑक्टोबर २०१८ मध्ये नवे नियम आले. ५४७० ते ५७२५ हा मधला मोठा तुकडा मोकळा झाला, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ हाती आले, आणि बाहेर, उघड्यावर वापरायलाही वाट मिळाली. आपल्या खात्याच्या चांगल्या कामांत मी हे वरच्या क्रमांकावर धरतो. पण २०१६ मध्ये विकत घेतलेल्या राउटरला हे कोण सांगणार? त्याच्या पोटातली भारताची यादी जुनीच. कंपनीने त्या मॉडेलचं नवं फर्मवेअर काढणं कधीच सोडून दिलेलं. १०० ते १४० ही चॅनेलं त्याच्या रेडिओला जमतात, कायद्यालाही चालतात, पण मेनूत दिसत नाहीत. कायद्याने दार उघडलं, कुलूप कुणी काढलंच नाही. मग कॉलेजातला एखादा भाचा येतो, ओपनडब्ल्यूआरटी चढवतो, देश नीट भरतो, आणि मामाचं वायफाय सुतासारखं सरळ चालू लागतं. यात भाच्याने भारताचा कुठला नियम मोडला?

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतला प्रसंग सांगतो. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांची लेक न्यू जर्सीत. लेकीने येताना आईसाठी लॅपटॉप आणला. घरातला फोन चालतो, टीव्ही चालतो, लॅपटॉपला मात्र घरचं वायफाय दिसतच नाही. शेजाऱ्यांची सगळी नावं दिसतात, यांचंच नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलाने आधी राउटर बंद-चालू करायला लावला, मग लॅपटॉप फॉरमॅट करायचा सल्ला दिला. बाईंनी शाळा चालवलेली, असल्या उत्तरांनी त्या गप्प बसणाऱ्या नव्हेत. मी फोनवर चॅनेलांचा आलेख उघडला. एक, सहा आणि अकरा या चॅनेलांवर अख्ख्या इमारतीचे राउटर एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि उजवीकडे तेरावर एकटा उंचवटा : बाईंचा राउटर. त्याने आपल्या बुद्धीने मोकळी जागा शोधली होती आणि ती अगदी बरोबर शोधली होती. अमेरिकेहून आलेल्या कार्डाच्या लेखी मात्र ती जागा अस्तित्वातच नव्हती. शेवटी राउटरला हाताने अकरावर आणून त्या गर्दीत बसवलं. भारतात कायदेशीर असलेली रिकामी जागा सोडून गर्दीत जायचं, कारण लॅपटॉप अमेरिकेचा. बाईंनी विचारलं, ‘‘याला इथले नियम शिकवता येत नाहीत का?’’ येतात, ड्रायव्हर बदलला तर. पण मुख्याध्यापिकांच्या लॅपटॉपमध्ये मी घरगुती ड्रायव्हर बसवायचा, आणि पुढच्या अपडेटला तो उडाला की त्यांनी कुणाला फोन करायचा?

इंटेलच्या नव्या कार्डांनी तर पुढची पायरी गाठली आहे. आपण कोणत्या देशात आहोत हे ती वापरणाऱ्याला विचारतच नाहीत. आसपासचे राउटर आपल्या संदेशांत देशाचा संकेत पाठवत असतात. तो ऐकून कार्डाचं फर्मवेअर स्वतःच ठरवतं. कल्पना वाईट नाही, प्रवासात उपयोगी आहे. पण खात्री होईपर्यंत पाच गिगाहर्ट्झवर कार्ड फक्त ऐकतं, आपणहून बोलायला सुरुवात करत नाही. त्यामुळे त्या लॅपटॉपचं हॉटस्पॉट करायला गेलं की २.४ वरच समाधान मानावं लागतं. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय बंद करण्याचं एक बटण होतं. २०१९-२० च्या सुमारास ते काढून टाकलं गेलं, आणि तेव्हापासून लोक ड्रायव्हरला ठिगळ लावून ते परत आणतात. दुसरीकडे, इमारतीत कुणी परदेशातून आणलेला राउटर लावला असेल तर तो बिचारा तिथलाच देश हवेत सांगत बसतो. कार्डाने कुणाचं ऐकावं?

आता दुसरी बाजू. इथे मी पोरांच्या बाजूने मुळीच नाही.

जोर वाढवल्याने वायफाय लांब जातं ही समजूत अर्धीच खरी आहे. राउटर एक वॉटने ओरडला तरी फोन आपल्या मूळच्याच बेताच्या आवाजात उत्तर देणार. गणपती मंडळाच्या स्पीकरवाल्याचं होतं तेच होतं : त्याचं अख्ख्या पेठेला ऐकू जातं, त्याला मात्र शेजारी उभा असलेल्याचंही ऐकू येत नाही. शिवाय कार्डातल्या ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त ताकद मागितली की लहर विद्रूप होते, शेजारच्या चॅनेलांत सांडते आणि वेग वाढायच्या ऐवजी घटतो. बऱ्याच कार्डांत तर आकडा ३० दिसतो आणि प्रत्यक्षात बाहेर पडते ती जुनीच ताकद, कारण कारखान्यात ठरलेली मर्यादा त्या आकड्याला जुमानत नाही. तेव्हा बोलिव्हियाची यात्रा बहुतेकांना मानसिक समाधानापलीकडे काही देत नाही.

हे सगळं माफ करता येईल. रडार ऐकायचं नाही असा ड्रायव्हर मात्र माफ करता येणार नाही.

५२ ते ६४ आणि १०० पासून पुढची काही चॅनेलं वायफायने रडारांबरोबर वाटून घ्यायची, असा जगभरचा रिवाज आहे. राउटरने आधी मिनिटभर शांतपणे ऐकायचं. रडारचे ठोके ऐकू आले तर ते चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. हवामान रडारांच्या ५६०० ते ५६५० या भागासाठी युरोपात हे ऐकणं दहा मिनिटांचं आहे. राउटर चालू केल्यावर दहा मिनिटं काहीच होत नाही, याचा वैताग येतो हे मलाही कळतं. ग्राहक फोनवर असतो आणि आपण म्हणतो, थांबा, तो ऐकतोय. त्या वैतागावर उपाय म्हणून ऐकण्याचा भागच ड्रायव्हरमधून कापून टाकणारे बदल फिरत असतात. पोर्तो रिकोत सॅन हुआनच्या विमानतळाजवळच्या हवामान रडारला २००९ मध्ये त्रास होऊ लागला, तेव्हा माग काढताना छतांवर लावलेली पाच गिगाहर्ट्झची उपकरणं सापडली. पुढे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, असल्या प्रकरणांत कित्येकांना दंड ठोठावले. अशा रडारच्या चित्रात वायफायचा उपद्रव मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या सरळ रेघेसारखा उमटतो, आणि त्या रेघेखाली पाऊस आहे की नाही ते कळत नाही.

हे परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकडे डॉप्लर रडार नव्हतं. नंतर कुलाब्याचं आलं, ते वायफायपासून दूरच्या एस-बँडवर चालतं. जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीला दुसरं सुरू झालं, ते सी-बँडचं. सी-बँडची हवामान रडारं साधारणपणे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे १२०, १२४ आणि १२८ या चॅनेलांच्या घरातच. वेरावलीच्या आजूबाजूला किती उंच इमारती आणि त्यांच्या गच्च्यांवर किती अँटेना, हे मुंबईकराला सांगायला नको. नवा ड्रायव्हर चढवून ‘सगळी चॅनेलं खुली केली’ म्हणून मिरवणाऱ्या मुलाला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, ही पण अमेरिकेची कटकट असेल. इतक्या खोट्या कुलपांनंतर खरं कुलूप त्याला ओळखू येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

यावर उपाय म्हणून आपल्या खात्यात कुणी अमेरिकेचा धडा गिरवू नये, म्हणून थोडा इतिहास. अथेरॉसच्या ड्रायव्हरमध्ये पूर्वी ‘हॅल’ नावाचा एक बंद तुकडा असे. रेडिओचे नियम वापरणाऱ्याच्या हाती पडू नयेत, हे त्याचं कारण दिलं जाई. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या रायक फ्लोएटर यांनी २००५ च्या सुमारास तो तुकडा बाहेरून तपासून नव्याने लिहिला. २००८ मध्ये कंपनीने स्वतःच आपला तुकडा खुला केला. काही आकाश कोसळलं नाही. उलट त्याच सुमारास लिनक्समध्ये देशवार सहीची यादी आली आणि सरळ माणसाला सरळ वागणं सोपं झालं.

हे होऊनही एफसीसीने २०१४ मध्ये पाच गिगाहर्ट्झची उपकरणं सॉफ्टवेअर बदलून ठरलेल्या मर्यादांबाहेर नेता येऊ नयेत असा नियम केला. मार्च २०१५ च्या मार्गदर्शनात तर डीडी-डब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरचं नाव घेऊन विचारलं की ते चढवता येऊ नये म्हणून तुम्ही काय केलं आहे ते सांगा. गदारोळ उठला. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि आणखी अडीचशेहून अधिक जाणकारांनी विरोधाचं पत्र दिलं. राउटरमधल्या सुरक्षेच्या भोकांना कंपनीच्या आधी मुक्त फर्मवेअरवालेच ठिगळं लावतात, त्यांचे हात बांधू नका, हा त्यांचा मुद्दा. नोव्हेंबरात ते नाव मार्गदर्शनातून गेलं आणि खुलासा आला की आम्हाला फक्त रेडिओच्या मर्यादा राखायच्या आहेत. पण तोवर कंपन्यांना सोपी वाट सापडली होती. रेडिओपुरतं वेगळं कुलूप लावायला खर्च येतो, सगळा राउटरच बंद करायला येत नाही. शेवट पाहा : ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने दोन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली. कारण, तिच्या राउटरांत देश बदलून ताकद वाढवता येत होती. आणि त्याच तडजोडीत कंपनीने कबूल केलं की मुक्त फर्मवेअर चालावं यासाठी आम्ही काम करू. नियामकाला दीड वर्षात स्वतःच्याच मार्गदर्शनाचा परिणाम निस्तरावा लागला.

आणि ड्रायव्हरला हात लावणाऱ्यांनी या देशात काय केलं आहे, तेही नोंदवून ठेवतो. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला खेड्यांतल्या तपासणी केंद्रांशी जोडलं ते लांब पल्ल्याच्या वायफायने. बर्कलीच्या संशोधकांनी त्यासाठी वायफायचा ड्रायव्हरच नव्याने घडवला. मूळ वायफाय घरातल्या अंतरासाठी बेतलेलं. कित्येक किलोमीटर दूरच्या पोचपावतीची वाट पाहायला त्याला वेळ नसतो. ड्रायव्हर न बदलता ती जोडणी झालीच नसती. पालघरच्या खेड्यांत आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने आधी टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यात रीतसर परवानगी काढून प्रयोग केले आणि नंतर परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झही वापरला. अमेरिकेतले परवानाधारक हौशी रेडिओवाले वायफायचे राउटर बदलून पहिल्या चॅनेलच्याही खाली, २३९७ मेगाहर्ट्झवर नेतात, कारण तिथे त्यांना कायद्याने जागा आहे. यातल्या कुणालाही गुन्हेगार ठरवून चालणार नाही. बदल केला म्हणून शिक्षा, असा कायदा झाला तर तो आधी यांना लागेल. हवेत चुकीचं प्रक्षेपण केलं म्हणून शिक्षा, असा असेल तर बरोबर माणसाला लागेल, मग त्याचा ड्रायव्हर कंपनीचा असो की घरचा.

तेव्हा मागणं पुन्हा, जरा तपशिलाने. नियमाची अधिसूचना निघते तेव्हा तिच्या सोबतच यंत्राला वाचता येईल अशी फाइल आपल्या संकेतस्थळावर ठेवा : कुठून कुठपर्यंत, किती रुंद, किती ताकद, घरात की बाहेर, रडारसाठी ऐकायचं की नाही. तारीख आणि सही आपली. तीच फाइल लिनक्सच्या यादीकडे पाठवण्याची जबाबदारी आपल्या एखाद्या अभियंत्याकडे द्या. काम मोठं नाही, पण ते कुणाच्या तरी टेबलावर असायला हवं. उपकरणांना मान्यता देताना कंपनीला दोन गोष्टी विचारा : भारत निवडल्यावर भारताने दिलेलं सगळं मिळतं का, आणि नियम बदलला तर विकलेल्या उपकरणापर्यंत तो किती वर्षं पोचवाल? आणि वेरावलीसारख्या रडारांभोवती कोणती चॅनेलं टाळायची हे सोसायट्यांना आणि माझ्यासारख्या नेटवर्कवाल्यांना मराठीत, एका पानावर, सांगा. गणेशोत्सवात आवाजाची मर्यादा समजावणाऱ्या पत्रकांपेक्षा ते जास्त वाचलं जाईल, असं मला वाटतं. निदान कमी तरी नाही.

कळावे,

आपला,
पुण्यातला एक नेटवर्कवाला

ता. क. सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला तर ६ गिगाहर्ट्झ आहेच. ५९२५ ते ६४२५ हा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. त्यात घरात ३० डीबीएम, बाहेर १४ डीबीएम, आणि तेलाचे फलाट, गाड्या, बोटी यांवर बंदी अशा नाजूक अटी होत्या. कंसात भरताना परक्या माणसाची गल्लत व्हायला यात पुरेपूर वाव आहे. ती ओळ आपल्याकडूनच गेली तर बरं. तपासायला माणूस हवा असेल तर होस्टेलवरची बोलिव्हियाची मंडळी मोकळीच आहेत, आणि त्या फाइलची मांडणी त्यांना पाठ आहे.